तिजोरीला दोन किल्ल्या, डोंगलला एकही नाही

पतसंस्थेच्या लेखापरीक्षणाला गेले की पहिलं काम रोख शिल्लक मोजण्याचं. दप्तर उघडायच्या आधी, चहा यायच्याही आधी. व्यवस्थापक एक किल्ली काढतात, रोखपाल दुसरी काढतात, आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. मी शेजारी उभी राहून बघते. यातला एक जण रजेवर गेला तर त्याची किल्ली कुणाकडे जाते, ती दिल्याची नोंद कुठल्या वहीत आहे, असं विचारते. जी.डी.सी. अँड ए. पास होऊन सहकार खात्याच्या नामतालिकेवर आले, त्याला बावीस वर्षं झाली. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या लहान संस्था माझ्याकडे असतात. कुठं ठेवी दोन-तीन कोटींच्या, कुठं तेवढ्याही नाहीत. पण किल्लीचा प्रश्न मी कधी सोडला नाही, आणि त्याचं उत्तर कधी कुणाला शोधावं लागलं नाही. तिजोरी कशी सांभाळायची ते आमच्या माणसांना पक्कं ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावी गेले होते. संस्थेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. रोख मोजून झाली, पैशापैशाला जुळली. मग रोजकिर्द घेऊन बसले, तर खिडकीच्या गजाला बांधलेली एक मोठी स्टीलची चाळणी दिसली. गहू चाळायची असते तसली. तिच्या खोलगट भागात मधोमध एक पांढरं डोंगल उभं केलेलं, आणि त्यातून निघालेली लांब यूएसबी वायर भिंतीकडेने टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत.

"मॅडम, हितं कुणाच्याबी मोबाईलला रेंज नसती," व्यवस्थापक म्हणाले. "डोंगल नुसतं ठेवलं तर एक कांडी यायची. चाळणीत ठेवलं की तीन येत्यात."

उपाय खरा आहे. चाळणीचा खोलगट धातू टॉवरकडून येणाऱ्या लहरी गोळा करून मध्यभागी परतवतो, घरावरच्या छत्रीसारखाच. ज्याने ही युक्ती काढली त्याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पण त्याच खिडकीखाली, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या जागेत, निळ्या स्केचपेनने वायफायचा पासवर्ड लिहिलेला होता. संध्याकाळी पिग्मी एजंट येतात, दिवसभराचं कलेक्शन मोबाईलवरून चढवतात, त्यांना दर वेळी सांगायला नको म्हणून.

मी विचारलं, "साहेब, हे डोंगल जरा तपासून बघू का?" ते हो म्हणाले. मी त्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलात गेले. बाकावर बसून लॅपटॉप उघडला, कॅलेंडरवरचा पासवर्ड टाकला, जोडला गेला. मग ब्राउझरमध्ये 192.168 ने सुरू होणारा तो ठरावीक पत्ता टाकला, तर डोंगलचं पान आलं. नाव आणि पासवर्ड विचारला. दोन्हीकडे ‘अ‍ॅडमिन’ लिहिलं. उघडलं.

त्या पानावर मेसेजचा एक रकाना असतो, कारण डोंगलमधलं सिम हे शेवटी मोबाईलचंच सिम. रकान्यात रिचार्जच्या जाहिराती होत्या. त्यांच्या मधे मधे बँकेचे मेसेज होते: खात्यात इतके जमा, इतके नावे, आणि सहा आकडी ओटीपी. एकाखाली एक, गेल्या कित्येक महिन्यांचे. संस्थेकडे सिम एवढं एकच, म्हणून बँकेत तोच नंबर दिलेला. जुना ओटीपी कुणाच्या कामाचा नाही, हे खरं. पण उद्याचा नवा ओटीपीसुद्धा आधी इथंच येणार, आणि तो या बाकावरून चहा पिता पिता वाचता येणार.

व्यवस्थापक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, ह्या बाकावर आमचीच माणसं बसत्यात."

"तिजोरीसमोरसुद्धा तुमचीच माणसं बसतात साहेब. तरी किल्ल्या दोन आहेत."

परत आल्यावर तिथला तरुण लेखनिक म्हणाला, "पण मॅडम, तुमच्या लॅपटॉपला काय हुणार न्हाई. तुमचं लिनक्स हाय." त्याला वाटलं, मी लिनक्स वापरते म्हणून मला हे सगळं सुचतं आणि लिनक्स वापरते म्हणूनच मी सुरक्षित आहे. यातलं पहिलं थोडंफार खरं आहे. दुसरं चूक आहे, आणि ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यावर लिहायचं तेव्हाच ठरवलं.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आलं ते 2013 साली. मुलगा सांगलीतच वालचंद कॉलेजला होता. तिथं विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स यूझर्स ग्रुप’ आहे. विश्रामबागेतल्या त्या आवारात पोरंच पोरांना लिनक्स शिकवतात, कार्यशाळा घेतात. मुलगा त्यातलाच. माझ्या जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज दुकानदाराने फुकटात घालून दिलेलं, म्हणजे चोरीचं होतं. संस्थांच्या हिशोबात बोगस पावती शोधणाऱ्या बाईच्या मशीनवर चोरीचा माल नको, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. मला ते पटलं. तेव्हापासून लिनक्सच वापरते.

डोंगल तर त्याही आधीपासून होतं. आमच्या भागात ते चैनीचं साधन कधीच नव्हतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडले, आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. घरातला ब्रॉडबँडचा डबा पाण्याखाली होता. पर्समधल्या डोंगलवर मी चार संस्थांच्या माणसांशी बोलले, त्यांच्या दप्तराच्या प्रती कुठं आहेत ते सांगितलं. टॉवरच्या जनरेटरमध्ये डिझेल होतं तोवर ते चाललं. एरवीही माझं निम्मं काम रस्त्यावर होतं. सांगलीहून पॅसेंजरने कराड, तिथून एसटीने पाटण किंवा ढेबेवाडी. ज्या संस्थेची तपासणी करायची तिच्याच नेटवर तिचा अहवाल लिहायचा, हे मला बरोबर वाटत नाही. म्हणून माझं नेट माझ्याजवळ असतं. मोबाईलचा हॉटस्पॉट आहे की, असं लोक म्हणतात. आहे. पण मोबाईल चाळणीत बांधून खिडकीला टांगता येत नाही, आणि संस्थेचं नेट संध्याकाळी कुणाच्या तरी खिशातून घरी जाऊ नये.

तर 2014 मधली गोष्ट. मुलगा नोकरीला पुण्याला गेला. माझ्या लॅपटॉपला काही झालं तर तिथूनच दुरुस्त करता यावं म्हणून त्याने ‘एसएसएच’ नावाची सोय चालू करून ठेवली. दुरून आत येण्याचं ते दार. त्याचा पासवर्ड मी ठेवला होता घराचं नाव आणि त्यापुढे साल. मार्चअखेरीच्या दिवसांत लॅपटॉप रात्ररात्र डोंगलवर चालू असायचा. एकदा तो मंद वाटला, म्हणून मुलाने सांगितलेली नोंदवही उघडली. लिनक्समध्ये कोण आत आलं, कुणी यायचा प्रयत्न केला, हे सगळं लिहून ठेवलं जातं. मला ही वही फार आवडते, आमच्या रोजकिर्दीसारखी. तर त्यात पानामागून पानं भरलेली: ‘रूट’ नावाने आत यायचा प्रयत्न, पासवर्ड चुकला. ‘अ‍ॅडमिन’ नावाने, चुकला. ‘टेस्ट’, ‘गेस्ट’, ‘ओरॅकल’. सेकंदा-दोन सेकंदांनी एक. गावभागातल्या एका खोलीतल्या जुन्या लॅपटॉपचं दार जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातलं मशीन रात्रभर वाजवत होतं. आत कुणी आलं नव्हतं. घराचं नाव त्यांच्या यादीत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की डोंगल लावल्यावर नेमकं काय होतं हे मला माहीतच नव्हतं. नंतर मी ते समजून घेतलं. इथं जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेख यातच आहे.

जुनं डोंगल लिनक्सला लावलं की आधी ते स्वतःला मोडेम म्हणवतच नाही. मी सीडी आहे, असं सांगतं. कंपनीने विंडोजसाठीचं आपलं सॉफ्टवेअर त्याच्या पोटात सीडीच्या रूपात ठेवलेलं असतं, म्हणजे वेगळी सीडी द्यायला नको. लिनक्समध्ये ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. जर्मनीतल्या जोशुआ डीट्झे या गृहस्थांनी तो लिहिला. तो डोंगलला ठरावीक निरोप देतो, सीडी बाहेर काढल्यासारखं होतं, आणि डोंगल मोडेम बनतं. पुढचं काम ‘मोडेम मॅनेजर’ आणि ‘नेटवर्क मॅनेजर’ करतात. तुम्ही फक्त कंपनी निवडायची. यात एक मोठा फायदा आपसूक मिळतो: कंपनीचं ते सॉफ्टवेअर लिनक्सवर बसतच नाही. 2013 साली गोव्यात ‘नलकॉन’ परिषदेत राहुल सासी या भारतीय संशोधकाने दाखवलं होतं की डोंगलच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेज वाचणारा जो भाग असतो, त्यातल्या चुकीचा फायदा घेऊन नुसत्या एका एसएमएसने समोरच्याच्या कॉम्प्युटरवर हल्ला करता येतो. एसएमएस आपण उघडावा लागतो असंही नाही, तो आला की सॉफ्टवेअरच वाचतं. काही डोंगलांच्या सीडीत लिनक्ससाठीही एक इन्स्टॉल फाइल असते, ती म्हणूनच कुणी चालवू नये. तिची गरज नसते, आणि ती तुमच्याकडून मशीनचा मुख्य पासवर्ड मागते.

आता डोंगलांच्या दोन जाती. पहिली जात नुसत्या मोडेमची. ती लावली की तुमचा लॅपटॉप थेट रस्त्यावर उघडणाऱ्या घरासारखा होतो. उंबरा ओलांडला की डांबरी. माझं जुनं डोंगल या जातीचं होतं, आणि त्या कनेक्शनवर लॅपटॉपला थेट बाहेरून दिसणारा पत्ता मिळत होता. दुसरी जात म्हणजे डोंगल स्वतःच छोटा राउटर. हे वाड्यासारखं: बाहेर दिंडी दरवाजा, आत चौक, मग तुमची खोली. लॅपटॉप आतल्या खोलीत असतो. हल्लीची बहुतेक 4जी डोंगलं या जातीची. आपलं कुठलं, हे ओळखणं सोपं आहे. लिनक्समध्ये कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करा. ‘मोबाईल ब्रॉडबँड’ असं दिसलं तर पहिली जात. मोबाईलचं नाव न दिसता वायरचं साधं कनेक्शन दिसलं तर दुसरी.

पहिल्या जातीत भिंत लॅपटॉपवरच उभारावी लागते, तिला फायरवॉल म्हणतात. लिनक्सच्या गाभ्यात तिची सगळी सोय आहे. पण उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या तयार वितरणांत विटा-सिमेंट घरात आणून ठेवलेलं असतं, भिंत बांधलेली नसते. ती तुम्ही चालू करायची. मिंटच्या मेनूत ‘फायरवॉल’ असं लिहिलेलंच आहे. उबंटूत ‘जीयूएफडब्ल्यू’ नावाचं साधन घ्यावं लागतं. एक बटण सरकवायचं, बाहेरून येणारं सगळं नाकारायचं, आतून जाणारं सोडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला तरी भिंत राहते. फेडोरा या वितरणात ती चालू मिळते, पण घरगुती वापराच्या फेडोरात वरच्या क्रमांकांची दारं मोकळी ठेवलेली असतात, तीही बघून घ्यावीत.

उबंटूसारखी वितरणं बनवणाऱ्यांचं यावर म्हणणं असं की नव्या मशीनवर बाहेरच्यांसाठी कुठलंच दार उघडं नसतं, मग भिंत कशाला? मला हे मान्य नाही, आणि हे लोक माझ्यापेक्षा शंभरपट जाणकार असूनही मी ते म्हणते. घर बांधून झालं त्या दिवशी दारं बंद असतात हो. पण पुढं माणसं राहायला येतात. कुणी प्रिंटर सगळ्यांना मिळावा म्हणून काही चालू करतं, कुणी शेजारच्या कॉम्प्युटरवरून फाइल घेता यावी म्हणून, कुणाचा मुलगा पुण्याहून दुरुस्ती करता यावी म्हणून. तेव्हा कुणाला भिंत आठवत नाही. लिनक्स बसवताना भाषा विचारतात, कीबोर्ड विचारतात, गाव विचारतात. त्याच पानावर एक प्रश्न वाढवायला काय हरकत आहे?

आता बऱ्याच मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सामायिक पत्त्यामागे ठेवतात, म्हणून बाहेरून थेट टकटक कमी झाली आहे. पण ती भिंत कंपनीने तिच्या सोयीसाठी बांधलेली, तुमच्यासाठी नव्हे. शिवाय नव्या पद्धतीच्या पत्त्यांत, ज्याला आयपीव्ही6 म्हणतात, प्रत्येक मशीनला पुन्हा स्वतःचा स्वतंत्र पत्ता मिळतो. आपली भिंत आपण बांधलेली बरी.

दुसऱ्या जातीत प्रश्न वेगळा आहे, आणि मला तो जास्त छळतो. तिथं दिंडी दरवाजा म्हणजे डोंगल. ते डोंगल हाच एक कॉम्प्युटर आहे. बाजारात मिळणारी ती बिननावाची पांढरी वायफाय डोंगलं घ्या. त्यातल्या अनेकांत स्नॅपड्रॅगन 410 ही मोबाईलची चिप आणि अँड्रॉइड 4.4 असतं. हे अँड्रॉइड 2013 सालचं. त्याला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच थांबलं. हौशी मंडळी तर ते पुसून त्यावर डेबियन लिनक्स बसवतात, इतका तो पुरता कॉम्प्युटर आहे. म्हणजे ज्याला आपण चार्जरसारखी निर्जीव वस्तू समजतो, त्याच्या आत दहा-बारा वर्षं कुणी न झाडलेलं एक लिनक्सच बसलेलं असतं, कारण अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच.

म्हणून ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ती सगळी लिनक्सवर चालणारी यंत्रं होती. मिराईकडे कुठलीही मोठी विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ त्यातलीच. पुढच्याच वर्षी, 2017 च्या जुलैत, आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर तसाच हल्ला झाला. ज्यांनी मूळचा पासवर्ड बदलला नव्हता त्यांचे मोडेम बंद पडले, आणि पासवर्ड बदला असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं.

डोंगल कुणाच्या हाती गेलं तर मेसेज वाचले जातात, ते बाकावर बसून पाहिलंच. त्याहून वाईट म्हणजे पत्ता सांगणारा माणूस फितूर होतो. आपण बँकेचं नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता कुठं विचारायचा, हे डोंगल ठरवतं. ती जागा बदलली की बँकेच्या नावाखाली भलतंच पान समोर येऊ शकतं. ब्राउझर तेव्हा प्रमाणपत्र जुळत नाही म्हणून लाल इशारा देतो, आणि आपली माणसं घाईत ‘पुढे चला’वर क्लिक करतात. मी संस्थांमध्ये हे होताना पाहिलं आहे. लॅपटॉपवर कितीही चोख लिनक्स असू दे, त्या क्लिकपुढे त्याचं काही चालत नाही.

दोष मी त्या व्यवस्थापकांना देत नाही. ते माध्यमिक शाळेपर्यंत शिकले आणि तीस वर्षांत त्यांच्या रोखीत कधी रुपयाचा फरक निघाला नाही. त्यांना डोंगल विकताना कुणी सांगितलं की याचा पासवर्ड बदला? पेटीवर ते लिहिलेलं होतं? मी त्यांच्याकडून पेटी मागून घेतली आणि वाचली. वेग लिहिला होता, किती मोबाईल जोडता येतील ते लिहिलं होतं, एक वर्षाची वॉरंटी लिहिली होती. सुरक्षेचे अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळतील, यावर एक अक्षर नव्हतं. खताच्या पोत्यावर, औषधाच्या पट्टीवर, पावाच्या पुड्यावरसुद्धा तारीख असते.

ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून कायदाच आहे. इंटरनेटला जोडायची वस्तू घरगुती ग्राहकाला विकताना सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देता येत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाचा याहून कडक कायदा 2027 च्या डिसेंबरपासून पूर्ण लागू होईल. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने 2021 मध्ये अशीच आचारसंहिता काढली. तिचं पहिलंच कलम सरसकट एकच पासवर्ड नको असं सांगतं. कलम चांगलं आहे. पण ती मार्गदर्शक संहिता आहे, तिच्यात बंधन नाही, आणि पाटणच्या खिडकीपर्यंत ती पोचलेली नाही. माझी मागणी एवढीच आहे: जे 2021 मध्ये सुचवलं ते डोंगलच्या बाबतीत सक्तीचं करा. पेटीवर तारीख छापा, ठळक, मराठीत. प्रत्येक नगाला वेगळा पासवर्ड द्या.

आमच्या खात्याकडेही माझी मागणी आहे. लेखापरीक्षणाच्या प्रश्नांत संगणकाबद्दल काही रकाने आले आहेत, पण ते सॉफ्टवेअर आणि बॅकअपपाशी थांबतात. नेट कुठून येतं, त्या यंत्राची किल्ली कुणाकडे, त्यातलं सिम कुणाच्या नावावर, हेही विचारलं पाहिजे. सिमचं मुद्दाम सांगते. कडेगाव तालुक्यातल्या एका संस्थेत डोंगलचं सिम निघालं ते चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या लेखनिकाच्या नावावर. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला आठवतही नव्हतं. पण त्याने कंटाळून ते बंद केलं असतं तर तोच नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळाला असता, बँकेच्या मेसेजसकट. केंद्र सरकारचं ‘संचार साथी’ पोर्टल 2023 पासून आहे, आपल्या नावावर किती सिम आहेत ते तिथं दोन मिनिटांत दिसतं. गेलेल्या माणसाचा कार्यभार घेताना आपण टेबलाची किल्ली घेतो, शिक्का घेतो. सिमही घ्यावं.

आता मी काय करते ते सांगते. माझ्या डोंगलमधल्या सिमला पिन आहे. डोंगल एसटीत राहिलं तरी पिनशिवाय ते सिम दुसऱ्या कशात चालणार नाही. लिनक्सच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे, फक्त पिन तीनदा चुकली की पीयूके लागतो, म्हणून तो कार्डावरून घरच्या वहीत उतरवून ठेवलाय. त्या सिमचा नंबर कुठल्याही बँकेला दिलेला नाही. डोंगलच्या पानाचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड वेगवेगळे आहेत, आणि एकटीच असले की वायफाय बंद ठेवून नुसत्या यूएसबीने जोडते. फायरवॉल चालू आहे, मुलाचं ते दार बंद आहे, आणि आठवड्याला अपडेट घेते. नवं डोंगल घेताना मी दुकानदाराला दोन प्रश्न विचारते: याचा अपडेट शेवटचा कधी आला, आणि पासवर्ड बदलता येतो का. पहिल्याचं उत्तर सांगलीतल्या एकाही दुकानात मला मिळालेलं नाही.

पाटणच्या त्या संस्थेच्या अहवालात मी डोंगल दोष म्हणून लिहिलं. रोख, कर्ज, थकबाकी यांच्या पंक्तीत. व्यवस्थापकांनी ते मनावर घेतलं. ‘ओ’ नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल आला तेव्हा त्यात डोंगलपुढे तीन ओळी होत्या.

पुढच्या वर्षी गेले. रोख मोजताना व्यवस्थापकांनी आणि रोखपालांनी आपापली किल्ली लावली, तिजोरी उघडली, आणि नोटांच्या बंडलांशेजारी लाखेने बंद केलेलं एक पाकीट होतं. वर लिहिलं होतं: डोंगल पासवर्ड. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये डोंगलची नोंद होती, सिम नव्याने संस्थेच्या नावावर घेतलेलं होतं आणि बँकेला दुसरा नंबर दिला होता. पिग्मी एजंटांसाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय केलेलं होतं. कॅलेंडर कोरं होतं. चाळणी होती तिथंच होती.

मग आम्ही दोघांनी मिळून डोंगलचं पान उघडलं आणि अपडेटच्या बटणावर क्लिक केलं. नवीन काही उपलब्ध नाही, असं आलं. आत असलेल्या सॉफ्टवेअरची तारीख 2019 ची होती. मी ती दोष म्हणून पुन्हा लिहून घेतली.

व्यवस्थापकांनी ते वाचलं आणि विचारलं, "मॅडम, आमच्या हातातलं हुतं ते आमी केलं. ह्या दोषाचा ‘ओ’ फॉर्म कुणी भरायचा?"

त्या रकान्यात मी अजून कुणाचं नाव लिहिलेलं नाही.